दोन डाव्या बाजू

कारखान्यात त्यांना सगळे दशांशसाहेब म्हणत. तोंडावर नुसतं साहेब, पाठ फिरली की पूर्ण. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू व्हर्नियर कॅलिपरच्या जबड्यात धरायची आणि ती कुठे चुकली ते सांगायचं. स्वतः त्यांनी जन्मात एकही वस्तू बनवली नव्हती, त्यामुळे त्यांच्या हातून कधी काही बिघडलंही नव्हतं. हा निष्कलंक विक्रम घेऊन ते निवृत्त झाले.

बायको दवाखान्यात नर्स. दिवसभर लोकांना सुया टोचून घरी यायची आणि चादरीची घडी कुठे तिरकी झाली ते नवऱ्याकडून शांतपणे ऐकून घ्यायची. माणसाला काही ना काही असतंच, असं तिचं वैद्यकीय मत होतं. एक गोष्ट मात्र तिने सोडून दिली नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाने या घरात स्वयंपाकघराची कपाटं केली होती. भाऊ सुतार, हात चांगला, कामाला नाव होतं. कपाटं बघायला चार माणसं आली, सगळ्यांनी वाखाणली. दशांशसाहेबांनी खिशातून कॅलिपर काढला. दुसरं दार दीड मिलिमीटर खाली होतं. दुसरा एखादा ‘छान झालंय’ म्हणून मोकळा झाला असता. यांनी अहवाल लिहिला, ‘नग क्रमांक दोन, नामंजूर’, आणि चारचौघांत मेहुण्याच्या हातात ठेवला. वाचून दाखवला नाही, एवढी माणुसकी राखली. पण प्रती तीन काढल्या होत्या. मेहुण्याने पटाशी पिशवीत टाकली आणि तो जो गेला, तो पुन्हा या घराची पायरी चढला नाही.

तेव्हापासून दर रविवारी बायकोच भावाकडे जायची, एकटी. “माझ्या घरात माझ्या माहेरचं माणूस येत नाही,” हे तिने पहिल्या वर्षी एकदा म्हणून टाकलं. नंतर म्हणणं बंद केलं. तिने ते बंद केलंय, हे साहेबांच्या ध्यानात आलं ते निवृत्तीनंतर, कारण मोकळं घर ऐकायला त्यांना तोवर सवडच नव्हती.

आता तीही निवृत्त होणार होती. काय हवं तुला, असं त्यांनी विचारलं.

“काही नको,” ती म्हणाली. मग चहा गाळताना आपल्याशीच बोलावं तशी म्हणाली, “आमच्या नाक्यावर व्हिडिओ गेमचं दुकान होतं. मी नि धाकटा शाळा बुडवून जायचो. तिथल्या यंत्रावर सहा महिने पहिल्या नंबरावर माझं नाव होतं, माहितेय?”

“मग?”

“मग काय! दुकान गेलं.”

दशांशसाहेबांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी योजना तयार होती. तसंच एक यंत्र घरी बनवायचं. टेबलावर मावेल अशी लाकडी पेटी, आत जुना कॉम्प्युटर, वर पडदा, खाली जॉयस्टिकचे दोन दांडे आणि बारा बटणं. दांडे दोन म्हटल्यावर खेळायला दुसरा माणूस लागणार. तो कोण, हे उघड होतं. पेटीचं कळलं की तो आपणहून येईल. या सगळ्यात माफी मागण्याची पायरी कुठेच येत नव्हती, हे या योजनेचं मुख्य सौंदर्य होतं.

गच्चीवरच्या खोलीत काम सुरू झालं. ज्या व्हिडिओवरून ते शिकत होते, त्यात एक हसरा माणूस दोन तासांत पेटी करायचा आणि त्याच्या शर्टाला भुसा लागत नसे. साहेबांना पहिली सरळ रेघ कापायला चार दिवस लागले. रेघ आपल्या वाटेने जायची, करवतीचं पातं आपल्या. चौतीस वर्षं दुसऱ्यांचं मोजलेलं सगळं आता सव्याज परत येत होतं. आठ तुकडे त्यांनी स्वतःच नामंजूर केले आणि प्रत्येक वेळी दोषी इसम म्हणून स्वतःला समज दिली.

शेवटी पेटीच्या दोन बाजू जमल्या. एका अंगाला काळं लॅमिनेट चिकटवलेलं प्लायवूड, दुसऱ्या अंगाला पडद्याची फळी बसायला तिरकी खाच. पुठ्ठ्याचा एकच साचा, तो दोन्ही तुकड्यांवर तसाच ठेवून आखलेला. त्यांनी बारा ठिकाणी मोजलं. सगळ्यात मोठा फरक दोन दशांश मिलिमीटर. आपला नग पुढ्यात ठेवताना कामगार असे आशेने तोंडाकडे का बघायचे, ते त्यांना आत्ता कळलं, आणि बघायला कोणीच नाही म्हणून थोडं वाईटही वाटलं.

इतक्यात बायको वाळलेले कपडे काढायला वर आली.

“अगंबाई, सुरेख झालंय की!” तिने फळ्यांवरून हात फिरवला. “पण अहो, दोन्ही डाव्याच का केल्यात?”

दशांशसाहेब हसले. मग त्यांनी एक फळी उलटी केली. लॅमिनेट आत गेलं, खाच बाहेर आली. सुलटी केली. डावी झाली. माणसाचे दोन्ही हात एकमेकांसारखे असतात, पण दोन्ही डावे नसतात, हे नर्सला एका नजरेत दिसलं होतं. त्यांनी तुकडे इतके तंतोतंत सारखे केले होते की त्यांतून पेटी होणं शक्यच नव्हतं.

शुक्रवारी तिचा निवृत्तीचा दिवस. हातात चार दिवस. तसलं काळं लॅमिनेट आणायला ते धावले, तर दुकानदार म्हणाला, “शेवटची शीट परवाच गेली, साहेब. तुमच्या मेहुण्यानेच नेली.”

दुसऱ्या दिवशी दोन्ही फळ्या काखोटीला मारून ते मेहुण्याच्या कारखान्यात उभे राहिले. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची सवय नव्हती, म्हणून तेही धड जमेना. “उजेड चांगला आहे हं इथे,” ते म्हणाले.

“भाऊजी,” मेहुण्याने रंधा खाली ठेवला, “अकरा वर्षांनी उजेड बघायला आलात?”

साहेबांनी एक फळी पुढे केली. मेहुण्याने खाचेतून बोट फिरवलं. “कोणी केलं?”

“मी.”

“बरं आहे. दुसरी बघू.”

दुसरी त्यांनी जरा सावकाश दिली. मेहुण्याने दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. शेजारचे दोघे कारागीर मशीन बंद करून मान लांब करू लागले.

“ही डावी.”

“हो.”

“आणि ही?”

“हीपण.”

“मोजलंत?”

“दोन दशांशाच्या आत.”

मेहुणा फळ्यांच्या थप्पीवर बसला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. कारागीरही हसले. साहेब उभेच होते. हसणं ओसरल्यावर मेहुण्याने डोळे पुसत विचारलं, “मग? अहवालाच्या प्रती कुठेत?”

शीट मागून, किंमत देऊन निघता आलं असतं. तशी वाक्यंही साहेबांनी येताना जुळवून ठेवली होती.

“यात एक बाजू चुकली,” ते म्हणाले. “त्या दिवशी मी सगळाच चुकलो. चारचौघांत चुकलो, म्हणून यांच्यासमोर सांगतोय.”

मेहुण्याने बराच वेळ हातावरचा भुसा झटकला. मग उठून काळ्या शीटचा तुकडा काढला. “ताईसाठी आहे ना? मग तुम्हीच कापा. मी नुसता मागे उभा राहतो.”

कोणी मागे उभं असताना करवत रेघेवरून किती ठिकाणी घसरते, याची दशांशसाहेबांना अचूक नोंद करता आली असती. सात. मेहुणा एका ठिकाणीही बोलला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पेटीचं एक टोक साहेबांनी धरलं होतं, दुसरं मेहुण्याने. बायकोने दार उघडलं. पेटीकडे तिने पाहिलंच नाही.

“चप्पल बाहेर काढ,” ती भावाला म्हणाली, जणू तो कालच येऊन गेला होता. “आत्ताच फरशी पुसलीये.” आणि उगाचच पुन्हा फरशी पुसायला आत गेली. बाहेर यायला तिला बराच वेळ लागला.

पेटी लावली. पडदा उजळला. पहिला दांडा चालला. दुसरा मागची एक वायर बोटाने दाबून धरली तरच चालत होता.

“उद्या पक्की करतो,” दशांशसाहेब म्हणाले.

“उद्या कसली? आत्ता धरा,” बायकोने बाही वर सरकवली.

तेव्हा ते पेटीच्या मागे, भिंतीला पाठ लावून, वायर धरून दीड तास बसले. तिथून पडदा दिसत नव्हता. नुसतं ऐकू येत होतं, “ताई, ही चीटिंग आहे!”, “गप रे, खेळ मुकाट्याने!”. कोण जिंकतंय, असं त्यांनी दोनदा विचारलं. दोन्हीदा बहीणभाऊ एकदमच ओरडले, “हलू नका!”