कोथिंबिरीचं आहे, आई

गेल्या हिवाळ्यात आमच्या बजीची, म्हणजे पाळलेल्या इवल्या पोपटाची, शिट लालभडक झाली, तेव्हा मी ऑफिस अर्ध्यावर टाकून त्याला पक्ष्यांच्या डॉक्टरकडे पळवलं होतं. डॉक्टर हसले. मुलीने त्याला बीट भरवलं होतं, एवढंच. तेव्हापासून मी स्वतःला या विषयातली जाणकार समजू लागले. पिंजऱ्याखालच्या कागदावर पाणी दिसलं की काकडी, केशरी दिसलं की गाजर. आमच्या नोएडाच्या फ्लॅटमध्ये माझं निदान शेवटचं असायचं आणि मला ते मिरवायला आवडायचं.

सासरे गेल्यावर सासूबाई पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या. बजीचं सगळं त्यांनी हातात घेतलं. कागद बदलण्याआधी त्या चष्मा लावून तो नीट बघत. नवरात्रात त्यांचे नऊ दिवस उपास. घरात उपास आणि पिंजऱ्यात धान्य, हे त्यांना पटेना. त्यांनी राळ्यांची वाटी काढून घेतली आणि शिजवलेली भगर अन् भिजवलेला साबुदाणा ठेवला. मला गंमत वाटली. "चलो, त्यालाही पुण्य मिळू दे," मी म्हणाले आणि आपल्या समाधानासाठी कोथिंबिरीची एक काडी पिंजऱ्याच्या तारेत अडकवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "अगं, हे बघ ना. फारच हिरवं आहे. आणि एवढंसंच."

मी मुलीचा डबा भरत होते. नुसती मान वळवली. "कोथिंबिरीचं आहे, आई."

"भगर तर जवळजवळ तशीच आहे."

"आई, मला कळतं हो त्यातलं."

सासूबाई कागदाची घडी करून निघून गेल्या.

चौथ्या दिवशी बजी पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला होता. आम्ही दोघी त्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी कागद पाहिला. "सब्ज़ी से पॉटी ढीली होती है, मॅडम. ये गाढ़ा हरा पित्त है. इसका पेट ख़ाली है." कोथिंबीर त्याने नुसती फाडून खाली टाकली होती. ओळखीचा दाणा नाही, म्हणून तो जवळजवळ उपाशीच राहिला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मला लाज वाटते तेव्हा रागच येतो. "मम्मीजी ने इसको भी व्रत रखवा दिया," मी म्हणाले. सासूबाईंना हिंदी कळते, हे मला पक्कं माहीत होतं.

गाडीत बसल्यावर त्या एवढंच बोलल्या, "उपास माझा होता, चूक माझीच. पण मी तुला दाखवलं होतं गं."

बजी वाचला. दोन दिवस त्याला नळीने भरवावं लागलं, मग तो पुन्हा राळे फोडू लागला. मी सासूबाईंची माफी मागितली. "जाऊ दे गं," म्हणत त्या भाजी निवडत राहिल्या. पिंजऱ्याचा कागद मात्र तेव्हापासून मीच बदलते.

गेल्या आठवड्यात त्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. घोटे टम्म सुजलेले.

"कधीपासून आहे हे?"

"झाले पंधरा-वीस दिवस."

"मग मला सांगितलं का नाही?"

त्यांनी साडी ओढून पाय झाकले. "तू म्हणाली असतीस, लोणच्याने झालंय."