कोचीच्या वखारीतली माझी जाऊ

कोचीला मी माझ्या थोरल्या जावेला मोलकरीण म्हटलं. ती माझ्यापासून दोन हातांवर बसली होती आणि तिचे कान चांगले आहेत. हे आधीच सांगून टाकते.

जहाजाच्या सहलीला तिला माझ्या मुलाने आणलं होतं. तो दीड वर्षाचा असताना मला छातीचा रोग झाला आणि वर्षभर मी दवाखान्यात नाहीतर माहेरी होते. तेव्हा त्याला जावेने वाढवलं. तिला स्वतःचं मूल नाही. आता मुलगा वर्ध्याला नोकरीत आहे, बोरगाव मेघेला घर आहे, मी त्याच्याजवळ राहते. जाऊ अजून समुद्रपूरकडच्या गावात, शेतावर. मुलाने स्पष्ट सांगितलं, काकू येत असेल तर आपण सहलीला जाऊ, नाहीतर राहू दे.

जहाज मुंबईहून निघालं आणि कोचीला लागलं. सुनेला ओकाऱ्या चालू होत्या, म्हणून मुलगा तिच्याजवळ थांबला आणि आम्हा दोघींना शहर पाहायच्या बसमध्ये बसवून दिलं. प्रत्येकाच्या छातीवर बसच्या नंबरचा पिवळा कागद चिकटवला होता. जाऊ म्हणाली, "बैलबाजारात आणलं वाटते आपल्याले."

तिला खिडकी पाहिजे होती, ती मागे जाऊन बसली. मी पुढे बसले. माझ्या शेजारी पुण्याकडच्या एक बाई होत्या, शाळेच्या मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या. छान बोलत होत्या. मला शिक्षण विचारलं. मी चौथी शिकले आहे. मी दहावी सांगितलं. शेतीबद्दल विचारलं तर म्हटलं, आहे, माणसं करतात. ती माणसं म्हणजे मागे खिडकीत बसलेली बाई, हे सांगितलं नाही. एक खोटं बोललं की दुसरं बोलायला जड जात नाही, हे मला त्या दिवशी कळलं. वय सत्तरच्या वर गेल्यावर.

शहर चांगलं होतं. भिंती पिवळ्या, निळ्या, गुलाबी. रस्त्यात सायकली, मासे, फुलं, गोरे लोक, बुरख्यातल्या बाया, सगळं एकमेकांत मिसळलेलं आणि कोणाला कोणाची अडचण नाही. समुद्राकाठी लाकडाच्या सांगाड्यांवर टांगलेल्या, मासे धरायच्या मोठमोठ्या जाळ्या होत्या. पाच-सहा माणसं दोर ओढत, दगड खाली येत आणि जाळी वर निघे. गाईड हिंदीत तिचा जुना इतिहास सांगत होता. जाऊ मोठ्याने म्हणाली, "एवढं ओढून मुठभर मासोळ्या. आपली मोट काय वाईट होती?" दोन-तीन जण हसले. पुण्याच्या बाईही हसल्या. मी बाजूला सरकले. तेव्हाच सरकले होते, वखारीत नंतर गेलो.

वखार सुंठीची होती. मोठं अंगण, त्यात सुंठ वाळत घातलेली, आणि सावलीत आठ-दहा बाया ती निवडत बसलेल्या. किडकी वेगळी, चांगली वेगळी. वास असा की डोळ्यांत पाणी यावं. गाईड म्हणाला, दहा मिनिटं, फोटो काढून घ्या. सगळे फोटो काढू लागले.

आमच्या भागात दुसऱ्याच्या वावरात गेलं आणि तिथे बाया कापूस वेचत असल्या, तर नुसतं उभं राहून पाहत नाहीत. दोन ओळी वेचू लागायच्या, मग बोलायचं. उभं राहून पाहतो तो मालक नाहीतर पटवारी. हे मला काही कोणी शिकवावं लागत नाही, चाळीस वर्षं मीही वेचलं आहे. पण मी उभी राहिले. जावेने लुगड्याचा पदर कमरेला बांधून कापूस वेचायला करतो तशी ओटी केली आणि त्या बायांत जाऊन बसली.

बाया आधी थबकल्या. मग एकीने सूप तिच्यापुढे सरकवलं. बोंडातून किडका, पिवळा कापूस काढावा तशी जाऊ भराभर किडकी सुंठ काढू लागली. तिची भाषा त्यांना येत नव्हती, त्यांची हिला येत नव्हती. तरी हिचं चालूच. "हे पाह्य, हे आतून पोकळ आहे. हे काऊन घेतलं वं तू?" ती बाई हसली आणि तिने ते फेकून दिलं. हातांचं काम होतं, समजत होतं.

लोक तिचे फोटो काढू लागले. त्यांना ती तिथलीच वाटली. पुण्याच्या बाईंनीही फोटो काढला, मग त्यांना तो पिवळा कागद दिसला.

"अहो, या तर आपल्या बसमधल्या. तुमच्याकडचंच लुगडं आहे. तुमच्याबरोबर आहेत का?"

"हो," मी म्हटलं. "कामाला आणली आहे. सुनेला बरं नसतं."

कोणी मला कोंडीत पकडलं नव्हतं. माझी जाऊ, एवढे दोन शब्द पुरले असते.

जावेचा हात थांबला. तिने मान वर केली नाही. हातातला तुकडा उलटापालटा करून पाहिला आणि चांगल्यात टाकला. गाईडने हाक मारल्यावर ओटी त्यांच्या टोपलीत झटकली आणि उठली.

बाहेर पडताना पुण्याच्या बाईंच्या हातात मसाल्यांच्या दोन पिशव्या होत्या. त्यांनी त्या जावेपुढे केल्या. "मावशी, धरता का जरा? माझा खांदा दुखतो." बोलणं अगदी गोड होतं. बाईंचा यात काही दोष नाही, मी सांगितलं तेच त्यांना माहीत.

जावेने पिशव्या लगेच घेतल्या नाहीत. माझ्याकडे पाहिलं. वाट पाहिली. मी समोरच्या दुकानातल्या टोप्या पाहत राहिले. मग तिने पिशव्या घेतल्या आणि बसपर्यंत माझ्या मागे चालत आली. घरात मी तिच्या मागे चालते. सणाला तिच्या पाया पडते.

जहाजावर मुलाने विचारलं, "काकू, काय पाहिलं मग?"

"तुह्या मायले विचार. मी कामात होती."

तो हसला. त्याला वाटलं गंमत आहे.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. पुण्याच्या बाई टेबलाजवळून जाताना थांबल्या आणि मुलाला म्हणाल्या, "मावशींना सोबत घेऊन जेवता, फार बरं वाटलं. हल्ली कोण करतं?"

मुलगा गोंधळला. "कोणत्या मावशी?"

मी पाण्याचा पेला उचलला. जाऊच बोलली. "मलेच म्हणून राह्यल्या त्या. म्हाताऱ्या बाईले सगळे मावशीच म्हणतात. जेव तू."

बाई गेल्या. मुलगा जेवला. तिने मला त्याच्यापासून वाचवलं. तिला वाटलं असतं तर एका वाक्यात तिने मला त्याच्या नजरेतून उतरवलं असतं, आणि ते खरं वाक्य झालं असतं.

सकाळी मी पुण्याच्या बाईंना शोधून काढलं. सांगितलं की ती माझी थोरली जाऊ आहे, माझा मुलगा तिने वाढवला आहे आणि मी चौथी शिकले आहे. त्या म्हणाल्या, "त्यांच्या हातात मी पिशव्या दिल्या हो." एवढंच. नंतर त्या आमच्याकडे फिरकल्या नाहीत.

जाऊ खोलीत वेणी घालत होती. मी म्हटलं, "जाऊबाई, सांगून आली मी त्या बाईले. सगळं खरं सांगितलं."

"तिले काऊन सांगतलं?" तिने केसांतून फणी काढली. "तिले काय लागलं होतं?"

मी पलंगावर बसले आणि सुनेच्या गोळ्या डबीत भरू लागले. मला माफ करा, असं आमच्यात कोणी कोणाला म्हणत नाही. जीभ वळत नाही. मी याचा आडोसा घेतला.

मुंबईहून रेल्वेने वर्ध्याला उतरल्यावर मुलगा तिला गाडीने गावी सोडणार होता. ती नाही म्हणाली, एसटीने गेली. स्टँडवर मुलाच्या तोंडावरून हात फिरवला. मला म्हणाली, "तब्येत सांभाळजो." दरवेळी वेचणीच्या दिवसांत मला बोलावते, काम होत नसलं तरी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसायला. या वेळी म्हणाली नाही.

वेचणी सुरू होऊन पंधरा दिवस झाले. मुलगा म्हणतो, फोन लाव. फोनवर तिला काय सांगू? तिथे जाऊन, तिच्यासोबत वेचणाऱ्या बायांसमोर सांगायला पाहिजे. माझे गुडघे चांगले आहेत, बस घरापासून दूर नाही. मी गेलेली नाही.