मोठ्या टाकीतली ढवळाढवळ

कारखान्यात तिला सगळे ढवळताई म्हणत, आणि ते काही उगाच नाही. पेशी वाढवायच्या टाकीतलं पातं किती वेगानं फिरवायचं, हवा किती सोडायची, हे तिचं काम. त्या पेशी प्रतिपिंडं बनवतात, प्रतिपिंडांचं औषध होतं, आणि ते औषध चाचणीत ज्यांना मिळालं त्यांत तिचा धाकटा भाऊही होता.

भाऊ घड्याळजी. सांध्यांच्या दुखण्यानं बोटं अशी आखडली होती की शर्टाची गुंडी लावायची पंचाईत. लहान टाकीतल्या औषधानं ती सुटली. गडी पुन्हा डोळ्याला भिंग लावून बसला आणि वर बहिणीला चिडवायला लागला, की तू नुसती ढवळत बस, बाकीचं मी बघतो. घरात किती दिवसांनी कुणी हसलं होतं!

पण लहान टाकीतलं औषध पुरणार किती जणांना? म्हणून खोलीएवढी मोठी टाकी आली. साहेबांनी बजावलं, लहान टाकीत जमलंय तेच करायचं, उगाच ढवळाढवळ नको. तिनं ते अक्षरशः घेतलं. पेशी नाजूक, पात्याच्या फटक्यानं फुटतील या भीतीनं पातं हळूच फिरवलं. हवा मोजायचा मीटर म्हणत होता, सगळं आलबेल. म्हणणारच की! मेला बसवला होता तळाशी, हवेच्या नळीजवळ. वरच्या पेशी मात्र गुदमरत होत्या, आणि प्रतिपिंडांवर साखरेची जी साखळी चढायला हवी ती अर्धवटच चढत होती. तपासणीत कळलं, औषध दिसायला तेच, पण त्याला गुण नाही.

मग वेग वाढवला, तर फेस उसळला, पेशी फुटल्या, प्रतिपिंडांच्या गुठळ्या झाल्या. मधला वेग धरला, तर दोन्ही रडगाणी थोडी थोडी. दोष टाकीच्या घडणीतच होता. साहेबही रडकुंडीला आले होते, माणूस वाईट नव्हता. पण वरून निर्णय आला, औषधच बंद. निदान लहान टाकी तरी चालू ठेवा, म्हणून तिनं हातापाया पडून पाहिलं. मूठभर रुग्णांसाठी परवडत नाही, असं सांगून वरच्यांनी विषय संपवला. पहिल्यांदाच मीटरवर डोळे मिटून विश्वास ठेवला नसता तर, हा विचार तिचं काळीज कुरतडत राहिला.

ती भावाच्या दुकानात गेली आणि समोर बसून सगळं सांगून टाकलं. त्यानं हातातलं चाक आधी नीट जागेवर बसवलं.

"बोटं किती दिवस चालतील?"

"महिना. फार तर दोन."

त्यानं फळीवरची घड्याळं मोजली. मग म्हणाला, "लोकांना फोन लाव, ताई. नाजूक कामं असतील ती आजच आणून द्या म्हणावं."

ती त्याला धीर द्यायला आली होती. तिनं फोन उचलला, पण नंबर काही दाबवेना.

"कारण काय सांगू?"

"सांग, दुकान बंद होतंय."