जोड पाहायला कुरखेड्याला

शेवटी निघालोच. ताडोबा पाहायला नाही, देवदर्शनाला नाही, तर वॉशिंग मशीनच्या जुन्या पार्टांसाठी स्थळं पाहायला! हसा, खुशाल हसा. माझी बायकोसुद्धा हसली होती.

झालं असं. चंद्रपुरात माझं फ्रीज-वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान आहे आणि दोन गाळे सोडून मनोहरभाऊंचं. हा धंदा मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. आता गाळ्याच्या मालकाला जागा हवी आहे, भाऊंचे गुडघेही कुरकुरतात, म्हणून त्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं. अडलं ते तीन पत्र्याच्या पेट्यांपाशी. त्यात जुन्या दोन टबवाल्या मशीनचे पार्ट आहेत: चावी फिरवायचे टायमर, लोखंडी गिअर बॉक्स, पट्टे, ब्रेकच्या तारा. एकेक पार्ट तेलाच्या फडक्याने पुसून कागदात गुंडाळलेला. सोमवारी भंगारवाला येणार होता.

"भंगारात कसे देऊ बे सुन्या? पोरींसारखे सांभाळले ना मी," भाऊ म्हणाले आणि तोंड फिरवून उगाच पेचकस शोधायला लागले.

"मग स्थळं पाहा त्यांच्यासाठी," मी आपलं गमतीत म्हटलं.

गंमत माझ्याच अंगलट आली. भाऊंनी जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावायचा सपाटाच लावला. जिवतीचा एक जण म्हणाला, "भाऊ, इथी प्यायचं पानी डोक्यावर आनून राह्यलो, मशीन काय करू?" बाकी बऱ्याच जणांनी नवी मशीन घेतलेली. हल्ली मशीन म्हणजे बोर्ड. बोर्ड जळला की कंपनीचा माणूस येतो, मान हलवतो आणि नवी घ्या म्हणतो. माझं तर डोकंच फिरतं! पूर्वी पाना घेऊन बसलो की संध्याकाळपर्यंत मशीन फिरायचीच. असो. मशीन अजून आहे म्हणणारे दोघंच निघाले, एक माजरीचे आणि एक कुरखेड्याकडचे. शनिवारी सकाळी तिन्ही पेट्या माझ्या व्हॅनमध्ये चढल्या.

माजरीला जायचं तर भद्रावतीत नाश्ता उरकून घ्या. गरमागरम सांबारवडी मिळाली तर सोडू नका. (पुण्याकडच्या वाचकांनो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, उगाच वाटी मागू नका.) पुढे कोळशाचे ट्रक लागतात. काचा बंद ठेवा आणि पांढरा शर्ट घालू नका. मी घातला होता. बायकोने बजावलं होतं, पण ऐकेल तो मी कसला.

माजरीत आम्ही गेलो कमलाबाईंकडे. त्यांचे यजमान खाणीतून रिटायर झालेले. व्हरांड्यात भाऊंनी एके काळी बसवलेली मशीन होती, खाणीच्या कपड्यांसाठी खास बाहेर ठेवलेली. भाऊंनी मोठ्या आशेने झाकण उघडलं. आत कांदे!

"मोटर तं कवाच गेली, भाऊ. आता कांदे मस्त राह्यतात," कमलाबाई हसत म्हणाल्या. मग चहा देता देता सांगायला लागल्या, "पह्यलं पानी काळंभोर निघे, दुसरं राखेवानी. तिसरं पानी साफ निघालं की वाटे, चला, मानूस आज पुरता घरी आला."

भाऊंनी मशीनवरून हात फिरवला. निघताना बाईंनी शोभेला म्हणून टायमरचं एक बटण तेवढं मागून घेतलं. परतीच्या वाटेवर भाऊंनी खर्ऱ्याची, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूची, पुडीसुद्धा उघडली नाही. भाऊ आणि खर्रा नाही म्हणजे प्रकरण गंभीर! मला खरंच वाईट वाटलं. उरलं होतं एकच ठिकाण.

रविवारी सकाळी मूल गावावरून गडचिरोलीकडे निघालो. रस्ता चांगला आहे, पण जंगलातून जातो, तेव्हा अंधाराच्या आत गाठायचं ते गाठा आणि फोटोसाठी कुठेही उतरू नका. वैनगंगेचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना कापलेली बांधी (भाताची खाचरं) आणि रचून ठेवलेले धानाचे पुंजणे लागतात. आरमोरीला डिझेल भरून घ्या, पुढचा भरवसा नाही. फोनची रेंजही इथूनच लपंडाव खेळायला लागते, आणि या रेंजनेच पुढचा घोळ घातला.

भाऊंनी आदल्या दिवशी रामदासभाऊंना फोन करून कळवलं होतं, "उद्या येऊन राह्यलो, तुमच्याकडं मशीनची जोड जमते का पाहाले." आमच्या धंद्यात जुन्या मशीनला नेमका बसणारा पार्ट म्हणजे जोड. पण "मशीनची" एवढा शब्द रेंजने खाल्ला.

कुरखेड्याच्या अलीकडे रामदासभाऊंचं गाव आहे. पोचलो तर अंगण सारवलेलं, दारात रांगोळी, शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या लाल खुर्च्या आणि त्यांवर टोप्या घातलेले त्यांच्याकडचे चार पाहुणे. मला वाटलं, भाऊंचा काय मान आहे बाप्पा या गावात! पाय धुवायला पाणी आलं, पोहे आले. पोह्यांवर चक्क काजू होते. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

रामदासभाऊंनी घसा साफ केला. "सोबत नाई आनलं का?"

"आनलं ना! गाडीत आहे," मनोहरभाऊ म्हणाले.

"गाडीत काऊन ठेवलं गा? बोलवा ना आत."

"घाई नाई. आधी तुमचं पाहून घेऊ, मंग काढतो पेटीतून."

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. एकाने चाचरत विचारलं, "वय काय म्हनलं?"

"वीस-पंचवीस वर्षं तं सहज. पन एकदम ठनठनीत! तेलपानी करूनच ठेवलं."

"अन् करते काय?"

"काय करते म्हंजे? फिरते, थांबते, बजर मारते!"

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. हसावं की पळावं कळेना. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असलेली मुलगी खो-खो हसत सुटली. ही रामदासभाऊंची रंजना, आयटीआय शिकलेली. "बाबा, हे मले पाहाले नाई आले," तिने ट्रे खाली ठेवला. "हे आपल्या मशीनले पाहाले आले!"

काय सांगू! सगळ्यात म्हातारे पाहुणे असे हसले की टोपीच खाली पडली. रामदासभाऊ बिचारे ओशाळले. मी माफी मागायला गेलो, तर रंजनाच म्हणाली, "राहू द्या भाऊजी. पह्यल्यांदा बरे पाहुने आले. चाला मागं."

घरामागच्या शेडमध्ये जुन्या दोन टबच्या तीन मशीन ओळीने उभ्या होत्या. एक भाऊंनी विकलेली, दोन तिने वडसा-आरमोरीच्या बाजूने मोडीतून आणलेल्या. लग्नसराईत मांडव-बिछायतवाल्यांच्या चादरी आणि गाद्यांच्या खोळी धुवायचं काम घेते. नवी मशीन का नाही घेत, असं मी विचारलं.

"इथी व्होल्टेज असं येते की बल्ब मेनबत्तीवानी दिसते," ती म्हणाली. "नवी मशीन पह्यल्याच दिवशी रुसते. हिच्यात बादलीनं पानी टाकलं, चावी फिरवली, की कुरकुर करते पन फिरते."

मधली मशीन मात्र बंद होती. गिअर बॉक्स गेला होता आणि तो कुठेच मिळत नव्हता. लग्नसराई तोंडावर, चादरींचं काम अडलेलं. भाऊंचे गुडघे अचानक बरे झाले. व्हॅनमधून पेटी आली, कागद सुटला आणि दोघं मशीनखाली शिरली. भाऊ सांगायचे, रंजना पाना फिरवायची, मी बॅटरी धरून उभा. पहिल्यांदा पट्टा उलटा चढला, भाऊंनी मलाच शिव्या घातल्या. दुसऱ्यांदा बसला. रंजनाने चावी फिरवली. मशीन आधी हुंकारली, मग पाणी गरगर फिरायला लागलं आणि वेळ संपल्यावर बजर असा ठणाणला की शेडवरच्या कोंबड्या उडाल्या.

"काय म्हनते? पसंत आहे का?" भाऊंनी विचारलं.

"तिन्ही पेट्या पसंत आहेत," रंजना म्हणाली.

भाऊ मटकन खाली बसले आणि रडले. लपवलं नाही, तोंडही फिरवलं नाही. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

त्या संध्याकाळी रामदासभाऊंनी आम्हाला जाऊच दिलं नाही. लाखोळीच्या पाल्याची भाजी, बोडीतल्या (छोट्या तळ्यातल्या) मासोळीचा झणझणीत रस्सा आणि नव्या तांदळाचा भात. असं जेवण हॉटेलात मागून मिळत नाही, त्यासाठी घोळच घालावा लागतो. सकाळी निघताना भाऊंनी पेट्यांवरून एकदा हात फिरवला. "काई बिघडलं तं माहेरी धाडजो, माय."

"धाडत नाई," ती म्हणाली. "तुमीच येत जा."

सोमवारी दुपारी चंद्रपुरात पोचलो. भंगारवाला हातगाडी लावून वाटच पाहत होता. भाऊंनी त्याला चहा पाजला, गंजकी रॅक तेवढी दिली आणि कुलूप लावलं. आता ते रोज माझ्या दुकानात येऊन बसतात आणि मी बोर्डवाल्या मशीनवर वैतागलो की मनापासून खूश होतात. मला काय मिळालं म्हणाल, तर दुरुस्तीच्या धंद्याचं आता संपलं असं मी उठता-बसता म्हणायचो, ते बंद झालं. जुन्या मशीन कुठे कुठे फिरत असतील, आपणच जाऊन पाहत नाही. पुढच्या वेळी मी पांढरा शर्ट घालणार नाही, एवढंच.

काल भाऊंचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला. पलीकडून नुसता पाण्याचा गरगर आवाज आला आणि मग तोच ठणठणीत बजर.

मनोहरभाऊंनी बजर शेवटपर्यंत ऐकला आणि खर्ऱ्याची पुडी उघडत मला म्हणाले, "सुखात आहे पोरगी."