सुरेशभावजींच्या गाडीला बसवलेली फुंकणी

आमच्या कळव्याच्या सोसायटीत लग्नं झाली, बारशी झाली, गच्चीच्या चावीवरून भांडणंही झाली. पण चार बायका जमल्या की विषय निघतो तो सुरेशभावजींच्या गाडीचा. एक किस्सा सांगायला घेतला की त्याचा पदर धरून दुसरा येतोच. गाडी उभी राहायची आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली. आता मी उजेडासाठी मेथी निवडायला गॅलरीत बसले आणि खालचं बोलणं आपसूक वर आलं, तर त्यात माझा काय दोष?

नव्वद सालानंतरची गोष्ट. सुरेश शिंदे आमच्या शेजारच्या ब्लॉकमधले. बरीच वर्षं मस्कतला होते. कायमचे परत आले ते तिथली जुनी जपानी गाडी बोटीवर घालूनच. ऑटोमॅटिक गाडी. क्लच नाही, गिअर आपले आपण पडतात, पायाखाली पायडल दोनच. भावजींची हौस एकच. इतकी वर्षं बायको, सुनंदा, इथे एकटी राहिली, आता तिला शेजारी बसवून ठाणंभर फिरवायचं. एवढ्याचसाठी त्या माणसाने गाडी समुद्रावरून आणली.

*

आल्या आल्या गाडीची पूजा ठेवली. चाकाखाली लिंबू, समोर गुरुजी, हातात आरतीचं ताट. गुरुजी म्हणाले, "इंजिन चालू करून नमस्कार करा." भावजींनी इंजिन चालू केलं, सवयीने गिअरचा दांडाही ओढला. मग त्यांना वाटलं, चप्पल घालून नमस्कार कसा करायचा? चप्पल काढली, दोन्ही पाय वर घेतले, सीटवर छान मांडी घातली आणि डोळे मिटले.

या गाडीला रेस द्यावी लागत नाही. ब्रेकवरचा पाय काढला की ती स्वतःच चालायला लागते. लिंबू गेलं, नारळ गेला, गाडी गुरुजींच्या अंगावर निघाली. गुरुजींचा मंत्र अर्धा झालेला, तो मध्येच सोडता येईना. ते म्हणत म्हणत मागे, गाडी पुढे. शेवटी ते पाण्याच्या टाकीवर चढले आणि तिथून त्यांनी मंत्र पूर्ण केला.

खाली उतरल्यावर म्हणाले, "पुढच्या वेळी आधी दक्षिणा, मग इंजिन."

*

पहिली फेरी ठाण्याला लग्नाला. सुनंदा पैठणी नेसून पुढे बसली, आणि गाडी चालूच होईना. बॅटरी उतरलेली. अख्खी बिल्डिंग धक्का मारायला आली. आमचे हे तर जेवण टाकून गेले. गेटपासून नाक्यापर्यंत ढकलली, काही नाही. नाक्यापासून खाडीच्या पुलाच्या तोंडापर्यंत ढकलली. "आपलं वजन कशाला," म्हणून सुनंदाही उतरली आणि एका हाताने पदर, एका हाताने गाडी, अशी ढकलायला लागली.

पुलाशी आल्यावर भावजींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अहो, आत्ता आठवलं. मस्कतला मला सांगितलेलं की ही धक्क्याने चालू होत नाही."

सगळ्यांनी गाडीवरचे हात काढले. आमचे हे तेवढे म्हणाले, "माझी आमटी निवली हो, शिंदे."

*

सुनंदाने तेही पोटात घातलं. नवीन बॅटरी घातल्यावर पुन्हा बसली. पण खाडीच्या पुलाचा चढ लागला आणि गाडीला धाप लागली. शेजारून रिक्षा पुढे गेली. तिच्यात सुनंदाचा भाऊ दिलीप. त्याने जाता जाता हात केला. दिलीप खोपटच्या डेपोत एसटीवर ड्रायव्हर, जिभेला हाड नाही. रात्री जेवायला आला तेव्हा म्हणाला, "दाजी, चढावर ताईला खाली उतरवून भाजी आणायला पाठवलं असतं, तरी ती तुमच्या आधी वर पोचली असती."

सुनंदा ताट घेऊन उठली. "अहो, ऐका. ही गाडी ज्या दिवशी त्या पुलावर रिक्षाला मागे टाकेल, त्या दिवशी मी हिच्यात बसेन. तोवर मला रिक्षाच बरी."

हे मी भिंतीतून ऐकलं. आमची भिंत एकच आहे.

*

दिलीपची जिरली तीही सांगते. "बसा मागे, चढ कसा घ्यायचा दाखवतो," म्हणून तो एकदा स्टिअरिंगवर बसला. मागे भावजी आणि मी. मी सहजच गेलेले. स्पीड आल्याबरोबर दिलीपने सवयीने डाव्या पायाने क्लच दाबला. क्लच कुठला, तो ब्रेक. एसटीचा क्लच दाबायचा पाय तो. माझं कपाळ पुढच्या सीटवर, भावजी माझ्या पिशवीत, पिशवीत टोमॅटो.

"खड्डा होता," दिलीप म्हणाला. पुढे चौकात परत तेच. शेवटी भावजींनी त्याचा डावा पाय टॉवेलने सीटला बांधला. घरी आल्यावर दिलीप रुबाबात उतरायला गेला, तो अर्धाच उतरला.

*

पण भावजींच्या मनातून सुनंदाचा शब्द जाईना. खाडीवर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा हरी नाखवा त्यांचा दोस्त. तो म्हणाला, "दादूस, हिला टर्बो लावू. काय भियाचा नाय."

टर्बो म्हणजे काय ते मी गॅलरीतून विचारून घेतलं. इंजिनाचा धूर बाहेर जाताना एक पंखा फिरवतो आणि तो पंखा इंजिनात जास्त हवा कोंबतो. म्हणजे चुलीने स्वतःच फुंकणी हातात घ्यायची. भंगारातून कुठल्याशा ट्रकचा टर्बो आणला, कलिंगडाएवढा. बॉनेट बंद होईना, ते दोरीने बांधलं. मग हरी म्हणाला, या जोरापुढे गिअरबॉक्सचं तेल तापेल, ते गार करायला पाहिजे. माझा बंद फ्रिज मी डाळी-तांदूळ ठेवायला वापरत होते. त्याच्या पाठीची नळ्यांची जाळी काढून त्या दोघांनी गाडीच्या नाकावर बसवली.

सुनंदा गॅलरीतून म्हणाली, "वहिनी, तुमच्या फ्रिजला चाकं लागली हो."

टर्बोचा जोर येई, पण उशिराने. इथे रेस दाबली की गाडी विचार करी, आणि भावजींनी कंटाळून पाय काढला की मग उधळे. दिलीप विचारायचा, "दाजी, तुमचा स्पीड मागच्या गाडीने येतो का?"

*

एका रविवारी संध्याकाळी सुनंदा आणि मी रिक्षाने ठाण्याला निघालेलो. पुलाचा चढ लागला आणि मागून शिट्टी ऐकू आली, कुकरची असते तशी, पण न थांबणारी. मी पडद्यातून डोकं काढलं. भावजी आणि हरी. बॉनेट उडतंय, दोरी ताणलेली, नाकावर माझा फ्रिज.

गाडी आमच्या शेजारी आली. भावजींनी रिक्षात सुनंदाला बघितलं आणि पाय जो दाबला तो दाबलाच. गाडीने जरा विचार केला, आणि गेली. रिक्षावाला म्हणाला, "आईशप्पथ."

पूल संपायच्या थोडं अलीकडे मोठ्ठा भुस्स आवाज झाला. आम्ही पोचलो तेव्हा जळक्या तेलाचा वास सुटलेला. भावजी दांडा पुढे-मागे करत होते. हरी म्हणाला, "दादूस, पुढचे सगळे गिअर गेले. फक्त रिव्हर्स जिता हाय."

भावजींनी सुनंदाकडे बघितलंच नाही. ती रिक्षातून उतरली, पदर खोचला, हरीला म्हणाली, "भाऊ, तुम्ही वहिनींबरोबर रिक्षात बसा." आणि पुढचं दार उघडून बसली. मागे वळून, सीटवर गुडघे टेकून, काचेतून बघत. "अहो, या. या. जरा डावीकडे. या."

आमची रिक्षा वळून हॉर्न वाजवत रस्ता मोकळा करत निघाली आणि मागोमाग ती गाडी, पाठ पुढे करून, पूल उतरली, नाका ओलांडला, गेटातून आत आली. गॅलऱ्या भरायला लागल्या. दिलीपही होता, डेपोत एसटी मागे घेताना करतात तसे हात करत. भावजींनी गाडी थांबवली, घाम पुसला आणि हळूच म्हणाले, "उतर, सुनंदा."

सुनंदाने काच खाली केली, वर बघितलं.

"इतक्यात नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या अजून बाहेर आलेल्या नाहीत. बिल्डिंगला एक फेरी मारा."