दोन दादा

रविवारी दुपारी धम्मपालच्या घरात कुकरची शिट्टी वाजायची नाही आणि पंखा फिरायचा नाही. एकलहऱ्याच्या कॉलनीतल्या दोन खोल्या त्या. आतल्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या लागायच्या, आणि बाहेर स्वयंपाकाच्या ओट्यावर शेगडीशेजारी कॉम्प्युटर मांडला जायचा. शेजारच्या भिमाबाई म्हणायच्या, यांच्याकडं रेकॉर्डिंग हाय म्हणजे आज चूल बंद. गडी सातपूरच्या कारखान्यात पॅनेलच्या वायरी जोडायचा, पण जीव सगळा त्या ओट्यावर.

गायची त्याची बायको, रोहिणी. लग्नाआधी ती विहारात गायची, तेवढंच. माइकसमोर कसं उभं राहायचं, श्वास कुठं चोरायचा, हे सगळं आपण शिकवलं, असं धम्मपाल चारचौघांत सांगायचा. आणि मनात तर त्याहून जास्त मानायचा. आवाज तिचा असेल, पण गायिका आपण केली.

जवळचे पैसे घालून त्यानं मोठं साउंड कार्ड घेतलं होतं. त्यात एका वेळी बरेच माइक लागायचे, आणि कुणाच्या कानात कुणाचा आवाज किती सोडायचा हे स्क्रीनवरच्या मिक्सरमध्ये ठरवता यायचं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या हेडफोनचं तिथं वेगळं पान. त्या पानावर प्रत्येक आवाजाची एक उभी पट्टी. वर सरकवली की आवाज वाढला, तळाला नेली की बंद. आजवर ज्यानं त्यानं एकच मागितलं होतं: "मला मी दे." म्हणजे माझ्या कानात माझा आवाज वाढव. माणूस दुसऱ्याचं ऐकायला तयार नसतो हे धम्मपाल मिक्सरवर बसून शिकला होता. आणि सगळ्यांच्या कानात त्याचा स्वतःचा माइक असायचाच, ओट्यावरून सूचना द्यायला. रोहिणी गात असतानाही तो बोलत राहायचा. हळू घे. शब्द खाऊ नको. आता उचल.

मग नांदगावचा शेखर आला. शाळेत मास्तर, गळा भारदस्त, बोलणं मधाळ. जयंतीसाठी एक जोडगाणं करायचं ठरलं आणि तेव्हापासून घरात 'शेखरदादा म्हणतात' सुरू झालं. शेखरदादा म्हणतात भाकरी खाऊन लगेच गाऊ नये. शेखरदादा म्हणतात तुमचा खालचा सूर सोन्यासारखा आहे. तो सूर धम्मपालनं शंभरदा ऐकला होता, पण त्याला सोनं म्हणायचं त्याला सुचलं नव्हतं, आणि तेच त्याला जास्त झोंबलं. दादा म्हणते म्हणून काय झालं? नाशकात रिक्षावालाही दादा आणि भाजीवालाही दादा. त्यात शेखरनं तिला आपल्या गायनपार्टीत गायला बोलावलं होतं, आणि ती 'बघू' म्हणाली होती. नाही म्हणाली नव्हती. तिकडं गेली तर तिथं दुसरा मिक्सर, दुसरा माणूस. मग आपण कोण? 

त्या रविवारी तो वायरी जोडत असताना पट्ट्यांना नावं द्यायचं काम ढोलकीवाल्या कारभारीनं केलं. त्यानं शेखरच्या माइकला लिहिलं 'दादा', आणि धम्मपालच्या माइकलाही 'दादा'. धम्मपाल वैतागला, तर म्हणतो, "दोघं बी दादाच हायेत ना? मंग काय नाय लिहिलं मी खोटं." आपली ढोलकी वाजवून तो चहाला निघून गेला. नावं तशीच राहिली.

आत आता रोहिणी आणि शेखर दोघंच होती. दोन ओळी झाल्या आणि रोहिणी थांबली. म्हणाली, "अहो, माझ्या कानात दादांचा आवाज जरा वाढवा ना. माझा कमी केला तरी चालेल."

धम्मपालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा कमी कर, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं माइकमध्ये गोड आवाजात 'केला' म्हटलं, रोहिणीचं पान उघडलं आणि दिसली ती 'दादा'ची पट्टी पार तळाला नेली. घे वाढवून. मग कारभारीचा ट्रॅक सुरू केला.

रोहिणी गायली. अशी ती कधी गायलीच नव्हती. एकेक ओळ सुटून मोकळी येत होती. धम्मपालला उकळ्या फुटल्या. बघा, शेखरचा आवाज काढून घेतला आणि कशी फुलली! तो उत्साहानं सूचना देत गेला. श्वास घे. इथं थांब. वा, आता उचल. आणि ती जिथं उचलायची तिथं उचलत होती. आपलंच ऐकतेय, दुसऱ्या कुणाचं नाही, या समाधानानं त्याचे डोळे भरून आले.

गाणं संपलं. रोहिणी पदरानं घाम पुसत बाहेर आली, माठातलं पाणी प्यायली आणि हसत म्हणाली, "आज तुम्ही मध्ये एक अक्षर बोलला नाहीत. इतकं मोकळं वाटलं. दादांचा आवाजही छान येत होता."

धम्मपालनं स्क्रीनकडं पाहिलं. तळाला गेलेली पट्टी त्याची स्वतःची होती. शेखरची जागेवरच होती.

"माझ्या कानात तर तुम्ही..." मागून आलेला शेखर बोलायला लागला. त्यानं एकदा रोहिणीकडं पाहिलं, एकदा धम्मपालकडं, आणि वाक्य तिथंच सोडून पाण्याचा तांब्या उचलला. त्याला सगळं कळलं होतं. तो चुगलखोर निघाला असता तर धम्मपालला त्याचा राग तरी करता आला असता. त्याच्या त्या भलेपणानं धम्मपाल आणखीच जळला.

"अजून एकदा घेऊ," रोहिणी म्हणाली, "पण अगदी तसंच ठेवा हं."

दोघं आत गेली. दार लागलं. धम्मपालनं पट्टी वर न्यायला माउस धरला. ती वर गेली की पुन्हा आपलं बोलणं सुरू होणार आणि तो मोकळा सूर जाणार, हे त्याला आता ठाऊक होतं. त्यानं माउस सोडला.

"अहो, तयार ना?" आतून रोहिणीनं विचारलं.

"हो," तो म्हणाला.

"अहो? ऐकताय ना?"

"हो, ऐकतोय," तो पुन्हा म्हणाला.  मग त्याच्या कानात शेखरचा आवाज आला, हलका, समजूतदार.

"तयार आहेत ते, ताई. तुम्ही सुरू करा."