बारीक आवाजाचं कुलूप

कार्यक्रम कुठलाही असो, हिराजीदादा चपला काढून हातात घेत आणि स्टेजपासून शेवटच्या रांगेपर्यंत पावलं मोजत जात. मग तिथेच सतरंजीवर मांडी घालून आवाज ऐकत बसत. नेऱ्याचे हे साउंडवाले. "पुढचा मानूस मानानं बसलेला, तो काय बी आयकून घेतो. मागचा उठून जातो. त्याला इचारायचा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पनवेलला एसटी स्टँडच्या मागे माझं अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान. मोबाइलला अजून बटणं होती त्या दिवसांत दादांनी डिजिटल प्रोसेसर घेतला आणि तान्ह्या बाळासारखा टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे आणला. जाड आवाज मोठ्या स्पीकरला, बारीक आवाज भोंग्याला, ही वाटणी तो डबा करतो. शिवाय मागच्या खांबावरच्या स्पीकरला किंचित उशीर करायला लावतो, म्हणजे त्याचा आणि स्टेजवरचा आवाज कानावर एकदमच येतो. मी हे कागदावर काढून समजावू लागले, तर दादा म्हणाले, "म्हंजे मागच्यानं दम धरायचा. यवढाच ना?"

नेऱ्याच्या शाळेच्या मैदानात त्यांनी पावलं सांगितली, मी आकडे भरले. त्यांच्या लेकीने, सुगंधाने, माइकसमोर टाळी वाजवली. मागे ती एकच ऐकू आली आणि दादांनी खूश होऊन माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी खोकत बसले.

घोळ झाला तो बारीक आवाजात. मी लावलेला त्यांना मेलेला वाटे. "टाल आयकूच येत नाय ग बाय," म्हणत ते तो वाढवत राहिले. त्याच मैदानात सप्त्याचं कीर्तन होतं, भर दुपारी. टाळांचा आवाज थेट डोक्यात घुसत होता. शेवटच्या रांगेतल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांनी पदर कानांवर घट्ट ओढून घेतले होते आणि त्यांच्याच शेजारी दादा खुशीत बसले होते. मला म्हणाले, "वारा सुटलाय, बायांना थंडी वाजते."

एप्रिल महिना. झाडाचं पान हलत नव्हतं.

ज्याच्या कानांवर गावाने इतकी वर्षं भरवसा ठेवला, त्याला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? कीर्तन उठल्यावर मी प्रोसेसरमधून भोंग्याला नुसती एक बारीक शिट्टी सोडली. सुगंधाने कानांत बोटं घातली. दादा वाट बघत उभे.

"लाव ना, बाय."

"लागलीय, दादा."

ते आधी भोंग्याकडे बघत राहिले, मग सुगंधाच्या बोटांकडे, मग रिकाम्या सतरंजीकडे. "म्हंजे ते पदर..." एवढंच म्हणाले. मला स्वतःचाच राग आला. लेकीसमोर नको होतं करायला.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. मला वाटलं, डबा विकायला काढलाय. त्यांनी टॉवेल सोडला आणि म्हणाले, "सुगंधाच्या कानानं लाव. आन् कुलूप घाल. नंबर मना सांगू नको. माजा हात ऱ्हायचा नाय."

प्रोसेसरला चार आकड्यांचं कुलूप घालता येतं. सुगंधा ऐकत गेली, मी लावत गेले आणि शेवटी सुचला तो नंबर टाकून मोकळी झाले. तेव्हापासून पावलं दादांची आणि कान लेकीचे. शेवटच्या रांगेत ते बसत तसेच, पण आता बायकांचे पदर बघत.

काही वर्षांनी दादा गेले. दिवसकार्य उरकल्यावर सुगंधा डबा घेऊन आली, त्याच टॉवेलात. तिला मोठ्या मैदानासाठी उशीर बदलून हवा होता. मी नंबर दाबायला बोट पुढे केलं, तर तीच म्हणाली, "ताई, तुमच्या पाटीवरल्या फोनचा शेवटचा चार नंबर ना?"

मी चपापले. "तुला कसं ठाऊक?"

"बाबानी पयल्याच दिवशी वलखला व्हता. मना हसत सांगितला, बायला दुसरा नंबर सुचला नाय."

मी कुलूप उघडलं. बारीक आवाज आम्ही ठेवला होता तिथेच होता.